काही करत नाही तो!

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळचे सव्वासहा वाजले असतील. रात्री भुरभुर पाऊस येऊन गेला होता. बागेतले बाक ओले असल्यामुळे आमची नेहमीची निवृत्त मंडळी त्या दिवशी उभ्याउभ्याच राजकारण करीत होती. मी मोत्याला घेऊन फाटकातून आत शिरलो, आजूबाजूला फारसे कुणी नाही असे पाहिले आणि त्याच्या गळ्यातली साखळी सोडली. रोजच सोडीत असे. बिचारा दिवसभर पोर्चमध्ये बांधलेला असतो, तेवढेच पाय मोकळे होतील, असे माझे त्यामागचे भूतदयेचे समर्थन होते.

पलीकडच्या पायवाटेने एक आजी आपल्या पाच-सहा वर्षांच्या नातीला घेऊन येत होत्या. मुलीच्या हातात बिस्किटाचा पुडा होता. मोत्याने तो पाहिला आणि तो सुटला. मी तीस पावलांवर होतो. तिथूनच मी ओरडलो, “घाबरू नका, काही करत नाही तो!” हे वाक्य पुरे होईपर्यंत मोत्याचे पुढचे दोन्ही पाय त्या मुलीच्या छातीवर होते, मुलगी चिखलात पडली होती आणि बिस्किटे मोत्याच्या पोटात गेली होती.

मी धावत गेलो. चावा नव्हता. कोपराखाली नखाचा ओरखडा होता, बोटभर लांब, कातडी सोललेली, रक्त मात्र नव्हते. आजींनी नातीला उचलून घेतले, तो हात माझ्यासमोर धरला आणि आवाज न चढवता म्हणाल्या, “काय करत न्हाई म्हनता भाऊ, मग ह्ये काय हाय?” मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. “सुई दिलेली हाय का त्याला?”

मी “हो” म्हणालो. मग “हो, बहुतेक” म्हणालो. मग गप्प बसलो.

घरी येऊन कपाट उपसले. मोत्याचे लसीचे कार्ड विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात सापडले. पुढच्या लसीची तारीख उलटून सात महिने झाले होते. मी शिकलेला माणूस आहे, वर्तमानपत्रांतून नागरिकांच्या कर्तव्यांवर लिहीत असतो, आणि माझ्या कुत्र्याची लस सात महिने थकलेली होती. आमच्या गल्लीत विजेचे बिल सात महिने कुणी थकवीत नाही, कारण ते थकवले तर तार तोडतात.

मुलीला घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी आधी साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली हात धुवायला लावला. हे काम आम्ही बागेतल्या नळावरच करायला हवे होते. मग लसीचे दिवस लिहून दिले: आज, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. मुलीचे वडील सेंट्रिंगच्या कामावर जातात. पहिल्या दिवशी त्यांचा रोज बुडाला. तो मी देऊ केला, तेव्हा त्यांनी रिक्षाचे पैसे तेवढे घेतले, बाकीचे परत केले. त्यांनी भांडण केले असते तर मला सोपे गेले असते.

“कुत्र्याला लस दिलेली असती तर?” असे मी डॉक्टरांना हळूच विचारले. ते म्हणाले, “तरी पोरीला सुया दिल्याच असत्या. तुमची झोप तेवढी उडाली नसती. आता त्याला घरात बांधा आणि दहा दिवस बघत राहा.”

ते दहा दिवस मी विसरणार नाही. ज्या कुत्र्याच्या लाळेतून रेबीजचे विषाणू बाहेर पडत असतात तो सहसा दहा दिवसांच्या आत लक्षणे दाखवतो आणि मरतो. दहाव्या दिवशी तो धडधाकट असेल तर त्या ओरखड्यातून धोका नव्हता असे समजतात. म्हणून ही मुदत. मी रात्री दोन-दोन वाजता उठून मोत्याच्या पाण्याच्या वाडग्यातली पातळी पाहत असे. तो पाणी प्याला की मला बरे वाटे. एकदा तो भाकरीला तोंड न लावता कोपऱ्यात जाऊन बसला, तर माझ्या पोटात गोळा आला. नंतर कळले की धाकट्या चिरंजीवांनी त्याला आधीच जेवू घातले होते.

वाचकांनी म्हणावे, एवढ्याशा ओरखड्याचे एवढे काय? म्हणून हे सांगणे भाग आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. इतक्या निश्चितपणे मारणारे रोग फार थोडे आहेत, आणि वेळेवर लस घेतली तर इतक्या खात्रीने टळणारेही फार थोडे. लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ६ जुलै १८८५ रोजी पहिल्यांदा ही लस दिली, त्याला आता एकशे चाळीस वर्षे होऊन गेली. आमच्या लहानपणी पोटात चौदा सुया घ्याव्या लागत. त्या भीतीने लोक दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे जात. ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात किंवा कातडीत सुई घेतात आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. तरीही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी अलीकडे देशभर पाहणी करून अंदाज काढला, तो वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा आहे. प्राण्यांनी चावा घेतलेल्यांची संख्या वर्षाला नव्वद लाखांच्या वर, आणि त्यातले तीनचतुर्थांश चावे कुत्र्यांचे.

आता त्या वाक्याकडे वळतो. ‘काही करत नाही तो’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक बागेत रोज सकाळी ऐकू येते. ते बोलणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याला खरेच तसे वाटत असते, कारण तो कुत्रा त्याला काही करत नाही. समोरच्या आजीला, पोराला, काठी टेकत चालणाऱ्याला, लहानपणी चावा बसल्यामुळे अजून कुत्र्याला भिणाऱ्याला तो काय करील, हे त्या कुत्र्याच्या मालकाने कसे सांगावे? शिवाय गंमत अशी की, कुत्र्याने काही केले की हेच वाक्य फिरते. ‘तिनेच पळायला नको होते’, ‘बिस्कीट कशाला दाखवायचे?’ आणि प्रकरण फारच अंगाशी आले तर, ‘तो आमचा नाहीच, गल्लीतला आहे, आम्ही फक्त भाकरी टाकतो.’ चावा घेईपर्यंत कुत्रा आमचा, चावल्यावर गल्लीचा. सगळ्या प्रश्नाची गाठ मला इथे दिसते.

माझे बालपण कळंब तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. तिथल्या कुत्र्यांविषयी मी गोडगोड लिहिणार नाही. पिसाळलेले कुत्रे गावात शिरले की लोक काठ्या घेऊन निघत आणि त्यात चांगली कुत्रीही मरत. चाव्याच्या जखमेत मिरचीपूड भरण्याचा अघोरी उपाय मी डोळ्यांनी पाहिला आहे. पण एक गोष्ट त्या गावात पक्की होती. कुठले कुत्रे कुणाचे हे सगळ्यांना ठाऊक असे. खंड्या पाटलांच्या वाड्याचा, काळ्या कुंभारवाड्यातला, आखाड्यावरचा वाघ्या अमक्याचा. मेंढरांचा कळप वावरात बसला तर धनगराची दोन कुत्री कळपाभोवती असत आणि कळपाबरोबरच निघून जात. वाघ्याने कुणाच्या पोराची पोटरी धरली तर त्या पोराची आई पदर खोचून कुठल्या दारात जायचे हे विचारीत बसत नसे. भाकरी ज्याची, जबाबदारी त्याची. कुत्र्याला राखण करायची असे आणि मालकाला कुत्र्याबद्दल बोलून घ्यायचे असे.

गुरांच्या बाबतीत तर याची रीतसर व्यवस्था होती. दुसऱ्याच्या वावरात शिरलेली म्हैस कोंडवाड्यात जाई आणि दंड भरून सोडवून आणावी लागे. इंग्रजी अमलात गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा १८७१ सालीच झाला होता. आमच्याकडे राज्य निजामाचे, पण कोंडवाडा आमच्याही गावात होता. मारक्या बैलाच्या गळ्यात लोढणे असे आणि पिकातून जाणाऱ्याच्या तोंडाला मुसके. त्यात बैलाचा अपमान आहे असे कुणाला वाटत नसे. आज बागेत कुणाच्या कुत्र्याला मुसके बांधा म्हटले तर मालक असा पाहतो, जणू त्यालाच बांधायला सांगितले आहे.

आणि देवाधर्माच्या बाबतीत म्हणाल तर कुत्र्याला आपण कधी दूर लोटलेले नाही. नळदुर्ग आणि अणदूरचा खंडोबा आमच्या जिल्ह्याचा. वर्षातला काही काळ देव नळदुर्गला आणि उरलेला अणदूरला असतो. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतो आणि त्याचे भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतात. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत. रायगडावरच्या वाघ्याच्या समाधीवरून आपण अजून भांडतो. दगडाच्या कुत्र्यासाठी रस्त्यावर उतरणारे आपण जिवंत कुत्र्याला वर्षातून एकदा जनावरांच्या दवाखान्यात नेत नाही.

खेडे सुटले, माणसे धाराशिवला, लातूरला, सोलापूरला प्लॉट घेऊन राहू लागली, तेव्हा भाकरी बरोबर आली आणि जबाबदारी गावाकडे राहिली. बंगल्याला नाव, फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी आणि पाटीला खरे ठरवायला एक कुत्रा. तोही विलायती हवा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जाणाऱ्या या मुलखात दाट केसांची थंड देशातली जनावरे जीभ बाहेर काढून पोर्चमध्ये पडलेली असतात. आपल्या मराठवाड्यातली कारवानी जात, लांब पायांची, सडपातळ, उन्हाला न डगमगणारी, आणि शेजारच्या कर्नाटकातली तिची बहीण मुधोळ. या मुधोळ जातीला २०१६ साली भारतीय लष्कराने मेरठला शिक्षणासाठी नेले. पण ती पोर्चमध्ये शोभत नाही म्हणतात.

पिल्लू लहान असते तोवर घरातली पोरे त्याला उरावर घेऊन फिरतात. ते दीड वर्षाचे झाले, दांडगे झाले, बदली झाली, सून आली, नातवंडाला केसांची अॅलर्जी निघाली, की एके रात्री गाडी येडशीच्या घाटाकडे जाते आणि परत येताना तिच्यात कुत्रा नसतो. हे मी ऐकीव सांगत नाही. फिरायला जाताना गळ्यात पट्टा असलेली, भेदरलेली कुत्री रस्त्याकडेला मी पाहिली आहेत. त्याच येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात २०२४ च्या डिसेंबरात पार यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत एक वाघ आला, तेव्हा सबंध जिल्हा महिनाभर दुसरे काही बोलत नव्हता. माणसाने सोडलेली कुत्री त्याच जंगलात हरणांची पाडसे फाडतात. त्यावर कुणी बोलत नाही.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न निराळा आणि पाळीव कुत्र्यांचा निराळा, असे आमचे प्राणिप्रेमी मित्र म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी ही वाटणी केलेलीच आहे. पाळीव कुत्र्याचे लसीकरण, जंताचे औषध आणि नसबंदी मालकाने करायची, रस्त्यावरच्याची स्थानिक संस्थेने. पण बागेच्या कुंपणाशी जाऊन पाहा, ही वाटणी कुठे दिसते का ते. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात पावणेतेरा लाख भटकी कुत्री मोजली गेली. त्यांतली काही तरी कुणाच्या पोर्चमधून आली असतील, आणि बरीच पोर्चमधल्या, नसबंदी न केलेल्या, संध्याकाळी ‘पाय मोकळे करायला’ सोडलेल्या कुत्र्यांची संतती असेल.

मारून टाका म्हणणारेही आहेत. तो प्रयोग आपल्याकडे फार जुना आहे. मुंबईत कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्यासाठी शिपायांना दर कुत्र्यामागे आठ आणे लावून दिले होते. त्या लोभाने शिपाई घरातलीही कुत्री ओढून नेऊ लागले, तेव्हा जून १८३२ मध्ये पारशी मंडळींनी दुकाने बंद ठेवून दंगल केली. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे गेली. कुत्री मुंबईत आहेतच. उलट शेजारच्या गोव्याने दुसरा रस्ता धरला. वर्षानुवर्षे वाडीवाडीला जाऊन हातजाळ्याने कुत्री पकडायची, लस द्यायची, रंगाची खूण करून सोडायची आणि शाळांतल्या मुलांना चावा बसल्यावर काय करायचे ते शिकवायचे. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे त्यामागचे शास्त्र. गोव्यात माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू थांबल्यासारखे झाले आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. गोव्याची कुत्री काही आपल्यापेक्षा शहाणी नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली या प्रश्नात लक्ष घातले. ऑगस्टच्या ११ तारखेला दिल्लीतली सगळी मोकाट कुत्री निवाऱ्यात हलवा असा आदेश झाला, २२ तारखेला तो बदलून नसबंदी आणि लसीनंतर कुत्री जागच्या जागी सोडण्यास मुभा मिळाली, पिसाळलेली आणि हिंस्र वगळून, आणि खाऊ घालणे ठरवून दिलेल्या जागीच करावे असे सांगितले गेले. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून कुत्री हलवायला सांगितली. बागेचे नाव त्या यादीत नव्हते. बाग आपल्यालाच सांभाळावी लागेल.

मग बागेत कुत्रा आणावा की नाही? पुष्कळ गावांत बागेच्या फाटकावर ‘कुत्र्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी असते. मी अशा एका पाटीच्या सावलीत सात कुत्री झोपलेली मोजली आहेत. पाटी वाचून परत जातो तो एकटा नियम पाळणारा मालक. न पाळणारा पहाटे पाचला येतो आणि कुत्रा मोकळा सोडतो, कारण तेव्हा कुणी पाहत नाही. सरसकट बंदी मला पटत नाही, याचे दुसरे कारण खुद्द कुत्राच आहे. दिवसभर चार हात साखळीवर बांधलेला, माणसे न पाहिलेला कुत्राच अनोळखी माणसावर धावतो. बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही तर १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात आता चांगला पट्टासुद्धा येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही बागेत सरसकट बंदी घालू नये, हवे तर वेळा ठरवून द्याव्यात, असा सल्ला आहे. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर यांच्यासारख्या तेवीस जातींवर बंदी घालायला राज्यांना कळवले आणि महिनाभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केले. जातीवर बंदी घालून काय होणार? माझा मोत्या निम्मा गावठी आहे.

दुसऱ्या बाजूला, बाग ही ज्यांना दुसरी जागा नाही त्यांची असते, हे कुत्रेवाल्यांनी ध्यानात घ्यायला हवे. माझ्या मोत्याला पोर्च आहे, गच्ची आहे, गावाकडे शेत आहे. त्या मुलीच्या घराला अंगण नाही. कोरड्या नक्षत्रांच्या या जिल्ह्यात टँकरच्या पाण्यावर जगवलेली हिरवळ एवढीशी असते. तिच्यावर आधी कोण खेळणार, याचा निवाडा करायला न्यायालय कशाला हवे?

आणि त्या हिरवळीचेही एक दुखणे आहे, ज्याविषयी सभ्य लोक बोलत नाहीत. कुत्र्याने केलेली घाण. मालक त्या वेळी आकाशाकडे पाहत उभा राहतो, जणू पाऊस येतो का हे तपासतो आहे. आमचा जिल्हा उस्मानाबादी शेळीचा. शेळीने इथल्या कोरडवाहू माणसाला दुष्काळात तारले आहे. शेळ्या-मेंढ्या कापल्या की आतडी, फुफ्फुसे उघड्यावर कुत्र्यांपुढे पडतात. त्यांतल्या पाण्याच्या गाठींमधून कुत्र्याच्या पोटात एक बारीक पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, तिथून शेळीच्या पोटात जातात आणि खेळणाऱ्या मुलाच्या हातावरून त्याच्याही पोटात. पुढे कित्येक वर्षांनी यकृतात नारळाएवढी गाठ निघते. आइसलँडच्या रेक्याविक शहराने या रोगाच्या धास्तीने १९२४ ते १९८४ अशी साठ वर्षे शहरात कुत्रा पाळायलाच बंदी केली होती. न्यूयॉर्कने १९७८ साली वेगळा मार्ग काढला. ज्याचा कुत्रा त्याने घाण उचलायची, नाहीतर दंड. लोक आधी हसले, मग वाकून उचलू लागले. आपल्याकडे या कामाला जुने वर्तमानपत्रही चालेल. या लेखाचे पानही चालेल, माझी हरकत नाही. जनावराला तीन महिन्यांनी जंताची गोळी आणि कत्तलीचा कचरा पुरणे, एवढ्यात ती साखळी तुटते.

कायदा नाही असे मात्र कुणी म्हणू नये. आपल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अंगावर येणारा कुत्रा मुसक्याविना मोकळा सोडणे हा १९५१ च्या पोलीस अधिनियमाने गुन्हा आहे. नगरपरिषदांना उपविधी करण्याचा अधिकार १९६५ च्या अधिनियमाने दिलेला आहे. मुंबई-पुण्याच्या महापालिकांत पाळीव कुत्र्याची नोंदणी सक्तीची आहे. पण बागेच्या फाटकावर आहे कोण? कंत्राटावरचा एक माळी, ज्याला स्वतःचा पगार वेळेवर मिळेल की नाही याची चिंता. साहेबांच्या कुत्र्याला तो काय अडवणार? मीच त्याला “अरे, ओळखत नाहीस का?” असे एकदा म्हटलेले आहे. ते लिहिताना आता बरे वाटत नाही.

म्हणून मी मागतो ते फार थोडे आहे. सगळ्यात आधी बिल्ला. नगरपालिकेने नोंद करावी, लसीचे कार्ड पाहून क्रमांकाचा बिल्ला द्यावा, दर वर्षी लसीबरोबर तो बदलावा. बिल्ला नसलेल्या कुत्र्याला फाटकात प्रवेश नको. या एका पत्र्याच्या तुकड्याने ‘तो आमचा नाहीच’ म्हणायची सोय जाते. माळ्याला कुणाशी वाद घालावा लागत नाही, त्याने गळा पाहायचा. बिल्ल्यावर क्रमांक आला की रात्री घाटात सोडून यायलाही हात कचरतो. दुसरे, बागेत चार हातांची दोरी, आणि ती हातात, खांद्यावर नव्हे. अंगावर जाणाऱ्याला मुसके. मुलांच्या खेळण्याच्या भागात कुत्रा नाहीच. कुत्र्यांची वेळ पहाटेची आणि रात्रीची, मधली सगळी वेळ माणसांची. आणि आमच्या दानशूर मंडळींना हात जोडून सांगणे की बागेत बिस्किटे टाकू नका. पुण्य हवे असेल तर नेमून दिलेल्या जागी टाका आणि त्याच कुत्र्याच्या नसबंदीला चार पैसे द्या. बागेत पुडा दिसला की बिस्कीट मिळते, हे कुत्र्याला आपणच शिकवतो. मोत्याला ते मी शिकवले होते. त्या मुलीने ती बिस्किटे स्वतःसाठी आणली होती.

हे लिहून झाल्यावर आमचे एक स्नेही म्हणाले, “एवढे नियम केले तर कुत्रे कोण पाळील?” मी म्हटले, कमी लोक पाळतील. त्यात कुत्र्यांचे काय वाईट होईल ते मला दिसत नाही.

अकराव्या दिवशी मोत्याला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेऊन मी लस टोचून घेतली. तारीख आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली आहे. अठ्ठाविसाव्या दिवशी त्या मुलीची शेवटची सुई होती. मीही गेलो होतो. आजी रांगेत होत्या, मुलगी बाकावर माझ्या शेजारी. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली,

“तुमच्या कुत्र्याला पन टोचलं का?”

“हो, टोचलं.”

“रडला का?”

“थोडासा.”

तिने थोडा विचार केला. आतून नाव पुकारले तेव्हा आजीच्या आधीच उठून ती आत गेली.